मोठ्या कॅलिबरचं पिस्तूल: निवडताना काय पाहायचं, हातात कसं धरायचं

पिस्तुलाचा विषय निघाला की सगळ्यात आधी आकडा विचारला जातो. .45 आहे का, 10 मिलिमीटर आहे का, की थेट .50? आकडा मोठा म्हणजे हत्यार जबरदस्त, हा समज पक्का बसलेला असतो. पण कॅलिबरचा आकडा सांगतो ती फक्त गोळीची जाडी. .45 म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर, .50 म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. ती गोळी किती जड आहे, नळीतून किती वेगाने निघते आणि निघताना तुमच्या मनगटाचं काय करते, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. निवडताना मात्र नेमकं हेच कळायला हवं.

9 मिलिमीटरची नेहमीची गोळी घ्या. वजन 8 ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण 350 मीटर. .45 एसीपी या काडतुसाची गोळी 15 ग्रॅमची, पण तिचा वेग 255 मीटरच्या आसपास. दोन्हींच्या ऊर्जेचा हिशेब केला तर आकडा जवळजवळ सारखाच येतो, 490 ज्यूलच्या आगेमागे. ज्या .45 ला इतकं नावाजलं जातं, ती कागदावर 9 मिलिमीटरपेक्षा फारशी पुढे नाही, हे अनेकांना पटत नाही. फरक पडतो तो संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यात. तिथे 9 मिलिमीटरचा आकडा 2.8 येतो आणि .45 चा 3.8. हाताला जाणवतो तो हाच फरक. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नेमबाजी सामन्यांत गोळीची ताकद मोजायला जो 'पॉवर फॅक्टर' वापरतात, तोही मुळात संवेगच आहे.

आता .50 ॲक्शन एक्सप्रेस हे काडतूस पाहू. गोळी साडेएकोणीस ग्रॅमची, वेग 450 मीटरच्या घरात. ऊर्जा 1950 ज्यूलच्या आसपास, म्हणजे .45 च्या चौपट. संवेग दुपटीहून जास्त. .45 आणि .50 हे आकडे दिसायला शेजारी आहेत, पण दोन काडतुसांमधलं अंतर फार मोठं आहे.

गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने पिस्तूल मागे येतं. त्यात जळालेल्या दारूच्या वायूंचा वाटाही मिळवायचा. पिस्तूल जड असेल तर ते हळू मागे येतं, हलकं असेल तर झटक्यात. .50 मधलं डेझर्ट ईगल हे पिस्तूल रिकामं असताना जवळपास 2 किलोचं भरतं. हे वजन त्रासदायक वाटतं, पण धक्का सोसवतो तो त्याच वजनामुळे. उलट पॉलिमरचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, हलकं पिस्तूल घेऊन त्यात पूर्ण ताकदीचं 10 मिलिमीटर काडतूस घातलं, तर ढोबळ हिशेब असं सांगतो की ते मागे येतं ते डेझर्ट ईगलच्या जवळपास सारख्याच वेगाने. म्हणून दुकानात हातात घेतल्यावर 'वा, किती हलकं आहे' असं वाटलं, तर ती खुशी रेंजवर टिकेल असं समजू नका.

आत काय घडतं

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, चढवणं हे काम पिस्तूल स्वतः करतं. त्यासाठी लागणारी ताकद ते त्याच स्फोटातून घेतं. कशी घेतं, याचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि तुम्ही कोणता घेता त्यावर तुमच्या हाताने काय करायचं हे बरंचसं ठरतं.

पहिला प्रकार जॉन ब्राउनिंग यांचा. 1911 साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेलं .45 चं एम 1911 पिस्तूल याच तत्त्वावर चालतं. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोडं अंतर मागे जातात. तेवढ्यात गोळी बाहेर पडलेली असते आणि नळीतला दाब उतरलेला असतो. मग नळी मागच्या बाजूने खाली झुकते, स्लाइड सुटी होऊन एकटी मागे जाते, पुंगळी फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येताना मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डब्यातलं, वरचं काडतूस आत ढकलते. आजची बहुतेक पिस्तुलं, ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांसकट, याच कल्पनेची रूपं आहेत.

ही यंत्रणा एक गोष्ट गृहीत धरते: खालची फ्रेम, म्हणजे मूठ आणि चाप असलेला सांगाडा, जागेवर घट्ट आहे. मनगट ढिलं असेल तर स्लाइडबरोबर फ्रेमही मागे सरकते आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला पुरेसा जोर उरत नाही. हलत्या फळीवर खिळा ठोकायला गेलं की फळीच मागे जाते आणि खिळा तिथेच राहतो, तसंच. मग पुंगळी अर्धवट बाहेर येऊन स्लाइडमध्ये उभी अडकते. नवशिक्याला वाटतं पिस्तूल खराब आहे. अशा तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी दोष पकडीचा असतो.

दुसरा प्रकार वायूच्या दाबाचा. डेझर्ट ईगल याच जातीचं. चेंबरच्या जरा पुढे नळीला एक बारीक भोक असतं. तिथून वायू नळीखालच्या मार्गाने तोंडाकडच्या टोकापर्यंत जातो आणि तिथला पिस्टन स्लाइडला मागे ढकलतो. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट फिरून कुलूपबंद होतो. ही रचना रायफलीत नेहमीची, पिस्तुलात मात्र विरळा. नळी स्थिर असल्याने अचूकता चांगली मिळते. पण अटीही येतात. कवच नसलेल्या साध्या शिशाच्या गोळ्या यात चालवायच्या नाहीत, कारण खरवडलेलं शिसं त्या बारीक भोकात बसतं. कमी ताकदीची काडतुसं घातली तर यंत्रणा पुरती फिरत नाही. आणि यात मॅगझिनला थोडी हालचाल असते. इतर पिस्तुलांत अनेक जण दुसऱ्या हाताचा तळवा मॅगझिनच्या बुडाखाली टेकवतात. इथे तसं केलं की मॅगझिन वर ढकललं जातं आणि काडतूस नीट चढत नाही. हे पिस्तूल 'अडकतं' म्हणून बदनाम आहे, त्याला या तीन गोष्टी मोठ्या प्रमाणावर कारणीभूत आहेत.

10 मिलिमीटरची गोष्ट

निवडीबद्दल माझं जे मत आहे ते पटवायला मला या काडतुसाचा इतिहास सगळ्यात उपयोगी वाटतो. 1983 च्या सुमारास ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलासोबत 10 मिलिमीटर ऑटो बाजारात आलं. त्यामागे जेफ कूपर हे नेमबाजीतले नावाजलेले प्रशिक्षक होते. काडतूस उत्तम होतं, पण कंपनीला मॅगझिन वेळेवर मिळाली नाहीत आणि बऱ्याच गिऱ्हाइकांच्या हाती पिस्तूल पडलं ते मॅगझिनशिवाय. काही वर्षांतच कंपनी बुडाली. त्याआधी 1970 च्या दशकातल्या ऑटो मॅग या .44 च्या पिस्तुलाचीही अशीच गत झाली होती. सुरुवातीला त्याची काडतुसं विकत मिळत नसत. लोक रायफलीच्या पुंगळ्या कापून स्वतः तयार करत.

पुढे 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले. नंतरच्या चौकशीत 9 मिलिमीटरच्या गोळीवर बोट ठेवलं गेलं आणि एफबीआयने 10 मिलिमीटर निवडलं. पण पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का अनेक एजंटांना झेपेना, आणि त्यासाठी लागणारी मोठी मूठ सगळ्यांच्या हातात मावेना. म्हणून दारू कमी करून सौम्य काडतूस वापरायला सुरुवात झाली. दारू कमी झाली तर एवढी लांब पुंगळी कशाला, असा विचार करून 1990 मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी तेच काम आखूड पुंगळीत बसवलं. ते .40 एस अँड डब्ल्यू काडतूस. आणि अखेर, सुधारलेल्या गोळ्या हाती आल्यावर, एफबीआय पुन्हा 9 मिलिमीटरवर गेली.

प्रशिक्षित, रोज हत्यार बाळगणारी माणसं ज्या धक्क्यापाशी अडली, तो धक्का वर्षातून चार वेळा रेंजवर जाणाऱ्याला सहज पेलेल असं मानण्यात अर्थ नाही. पिस्तुलाची परीक्षा पहिल्या गोळीत होत नाही. पहिली गोळी कुणीही सोडतो. दुसरी गोळी तितक्याच शांतपणे, तिथेच लागते का, हे पाहायचं.

निवडताना

आधी कायदा. बऱ्याच देशांत एवढ्या मोठ्या कॅलिबरची पिस्तुलं सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत, काही ठिकाणी फक्त परवानाधारक नेमबाज किंवा शिकारी यांनाच मिळतात. परवाना, वाहतूक आणि साठवण यांचे नियम आधी पुरते समजून घ्या, कॅटलॉग नंतर उघडा.

मग काम कोणतं ते ठरवा. जंगली श्वापदांच्या मुलखात कमरेला लावायचं असेल तर ताकदीला अर्थ आहे. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सीरियस तुकडी 10 मिलिमीटरचं ग्लॉक 20 बाळगते ते ध्रुवीय अस्वलांसाठी. काही देशांत पिस्तुलाने शिकार करतात, तिथे .44 मॅग्नम आणि .50 यांना जागा आहे. सामन्यांसाठी .45 आणि .40 चालतात. रेंजवरचा निखळ आनंद हेही मी पूर्ण वैध कारण मानतो. घराच्या संरक्षणासाठी मात्र .50 चा विचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बंद खोलीत आवाजाने कान सुन्न होतात, अंधारात तोंडाच्या ज्वाळेने डोळे दिपतात आणि गोळी भिंती ओलांडून पलीकडच्या माणसापर्यंत पोचू शकते.

हाताचं माप हा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित राहतो. मॅगझिन काढलेलं, चेंबर रिकामं असल्याची खात्री केलेलं पिस्तूल हातात घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खोबणीचा भाग मुठीच्या मागे शक्य तितका वर बसवा. नळी हाताच्या हाडांच्या सरळ रेषेत असू द्या. आता मूठ न वळवता तर्जनीच्या पेराचा मऊ भाग चापावर सपाट टेकतो का? फक्त टोक पोचत असेल, किंवा पोचण्यासाठी हात मुठीभोवती फिरवावा लागत असेल, तर ते पिस्तूल तुमचं नाही. धक्का मग हाताच्या सरळ रेषेत येण्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. .50 आणि .44 ची काडतुसं लांब असतात आणि ती मुठीतच आडवी बसतात, त्यामुळे मूठ पुढून-मागून रुंद होते. इथे ताकद किंवा उंची कामाची नाही, बोटांची लांबी लागते. आणि स्लाइड ओढून पाहा. ती पूर्ण मागे नेऊन अडकवता येत नसेल, तर ते पिस्तूल तुम्हाला सुरक्षितपणे रिकामंही करता येणार नाही.

शेवटी, काडतुसं आणि मॅगझिन सहज मिळतात का, सराव परवडेल अशी त्यांची किंमत आहे का, हे विचारा. वर्षाला दोन डब्बे चालवण्यापेक्षा लहान कॅलिबरमध्ये भरपूर सराव केव्हाही चांगला.

हाताळणी

जेफ कूपर यांचं खरं योगदान मला 10 मिलिमीटरपेक्षा त्यांच्या चार नियमांत दिसतं. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी रोखू नका. नेम लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. यातला एक नियम चुकून मोडला तरी बाकीचे अपघात वाचवतात, म्हणूनच चारही एकदम पाळायचे. मागे काय आहे हा नियम मोठ्या पिस्तुलांना आणखी कडक लागू होतो, कारण चुकलेली गोळी दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम पाठ हवा. आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे ओढायची, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडू द्यायचं, स्लाइड मागे अडकवायची, आत डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर जुनं काडतूस बाहेर पडतं पण स्लाइड परत येताना मॅगझिनमधलं नवं आत चढवते. जमिनीवर पडलेलं काडतूस दिसतं, मॅगझिन हातात असतं, माणूस निर्धास्त होतो, आणि चेंबर भरलेलं असतं.

स्लाइड ओढताना आणखी एक चूक हमखास होते. मोठ्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते, म्हणून नवखा माणूस जोर मिळावा म्हणून पिस्तूल छातीसमोर आडवं करतो. नळी मग शेजारच्या नेमबाजाकडे वळते. नळी लक्ष्याकडेच ठेवून पिस्तूल अंगाजवळ घ्यायचं, दुसऱ्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून आवळायचा आणि स्लाइड ओढण्यापेक्षा फ्रेम पुढे ढकलायची. चिमटीत धरून ओढायला जी स्लाइड जड जाते, ती अशी सहज हलते.

गोळी झाडताना दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हाताच्या बोटांवर घट्ट बसतात, दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे रोखलेले. दुसऱ्या हाताचा अंगठा मागून आडवा घ्यायची सवय रिव्हॉल्व्हरवर खपून जाते. इथे मागे येणारी स्लाइड तो सोलून काढते. मनगट ताठ, कोपर किंचित मोकळे, छाती जरा पुढे झुकलेली. मागे रेललात तर धक्का तुम्हाला आणखी मागे नेतो.

पहिल्यांदा मोठं पिस्तूल चालवणाऱ्याच्या मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालावं. यावर मी अडून बसेन. कारण असं: धक्क्याने नळी वर उडते, हात दचकून मूठ आवळतो, आणि त्या आवळण्यात चापावरचं बोटही आवळलं जातं. पुढचं काडतूस तर यंत्राने केव्हाच चढवलेलं असतं. दुसरी गोळी सुटते तेव्हा नळी आकाशाकडे किंवा चालवणाऱ्याच्याच डोक्याच्या दिशेने असू शकते. गंमत म्हणून पाहुण्याच्या हातात भरलेल्या मॅगझिनसकट .50 देणं हे म्हणूनच अक्षम्य आहे. एक-एक काडतूस करत काही फैरी झाल्या, प्रत्येक वेळी पकड टिकली, की मग दोन.

कानांसाठी आत प्लग आणि वर मफ, दोन्ही लावा. 140 डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाज कानाला कायमची इजा करू शकतो, आणि पिस्तुलाचा बार ती पातळी सहज ओलांडतो. दोन्ही लावल्याने संरक्षणाची बेरीज होत नाही, वर साधारण 5 डेसिबलच मिळतात, पण बंद रेंजवर तेही लागतात. डोळ्यांना चष्मा, डोक्याला पुढे झाप असलेली टोपी, गळा बंद. तापलेली पुंगळी कॉलरमध्ये पडली की माणूस पिस्तुलासकट गर्रकन वळतो. चटका सोसायचा, बोट चापाबाहेर, नळी लक्ष्याकडे, पिस्तूल खाली ठेवायचं, मग कॉलर झटकायची.

एखादा बार फुसका वाजला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडे ठेवून 30 सेकंद थांबा, मगच रिकामं करा. काडतूस भरण्यापूर्वी पुंगळीच्या बुडावरचं नाव नळीवर कोरलेल्या नावाशी ताडून पाहा. .40 चं काडतूस 10 मिलिमीटरच्या चेंबरमध्ये मावतं, पण ते आखूड असल्याने त्याच्या तोंडाला टेकायला जागाच मिळत नाही.

आणि दचकणं. धक्क्याच्या अपेक्षेने बार व्हायच्या आधीच हात नळी खाली दाबतो. उजव्या हाताने चालवणाऱ्याच्या गोळ्या मग खाली-डावीकडे लागू लागतात. यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिन भरायला सांगायचं आणि अधूनमधून बार न होणारं डमी काडतूस घालायला लावायचं. डमीवर चाप ओढला गेला की नळीने खाली मारलेली डुबकी लख्ख दिसते. ती दिसली की मोठं पिस्तूल बाजूला ठेवा, .22 हातात घ्या आणि चाप हळू, सरळ मागे ओढण्याचा सराव पुन्हा सुरू करा. थकलेल्या मनगटाने आणखी एक मॅगझिन संपवण्याच्या हट्टात ही सवय अधिक पक्की होते.

रेंजवरून निघताना खाण्यापिण्याआधी हात आणि तोंड साबणाने धुवा, कारण प्रायमरच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या, धुरातलं शिसं हातावर आणि कपड्यांवर बसतं. घरी आल्यावर साफसफाई करताना काडतुसं त्या खोलीत नकोतच. वायूवर चालणाऱ्या पिस्तुलाच्या पिस्टनवर आणि भोकाशी काजळी साठते, तिथे विशेष लक्ष द्या. स्लाइड परत आणणारी रिकॉइल स्प्रिंग काही हजार फैरींनंतर बदलावी लागते. ती मऊ पडली की स्लाइड फ्रेमवर आपटू लागते. पिस्तूल रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या माहितीबाहेर ठेवा.